देवळाच्या आवारातली बालवाडी: देवघर नसलेल्या घराचा दोन वर्षांचा अनुभव

आमच्या फ्लॅटमध्ये बिल्डरने स्वयंपाकघराच्या दाराशी देवघरासाठी कोनाडा काढून दिलाय. पांढरी फरशी, वर कोरलेला ओम, आत दिव्यासाठी प्लगसुद्धा. त्यात आम्ही वायफायचा राऊटर ठेवलाय. पाहुण्यांची नजर आधी तिकडे जाते, मग आमच्याकडे. विचारत कोणी नाही.

अशा घरातली आमची मुलगी रेवा दोन वर्षं एका देवळाच्या ट्रस्टच्या बालवाडीत गेली, नर्सरी आणि केजी वन. आमच्यासारख्याच चार-पाच घरांनी "कसं काय जमवलंत?" म्हणून विचारलं, तेव्हा एकदाच सविस्तर लिहून टाकते. शाळेचं नाव देत नाही. पुढे तक्रारीही आहेत आणि तिथली माणसं मला रोज भाजी घेताना भेटतात. इंदूरचा पश्चिम भाग, एवढं पुरे.

तिथे गेलो ते श्रद्धेने नाही, अंतर मोजून. घरापासून सहाशे पावलं. त्याआधी चार जागा पाहिल्या होत्या. एका ठिकाणी मॅडमनी तीन वर्षांच्या रेवाला "ए फॉर?" विचारलं, ती म्हणाली, "आजोबा." मॅडमनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मीच नापास झाले. दुसरीकडे एसी, भिंतभर टीव्ही आणि त्यावर अखंड कार्टून. तिसरी बरी होती, पण व्हॅनमध्ये पाऊण तास. चौथी मिशनची, तिथे जागा भरलेल्या. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ या वयाला पायाभूत टप्पा म्हटलंय आणि खेळातून शिकवा असं लिहिलंय. आम्ही पाहिलेल्या दोन शाळांच्या नर्सरीच्या यादीत मात्र पाच-पाच चाररेघी वह्या होत्या. मोफत शिक्षणाचा कायदेशीर हक्क ६ ते १४ या वयाला. त्याखालच्या पोरांना एक बाजार आहे आणि एक अंगणवाडी. अंगणवाडी आमच्या मागच्याच गल्लीत आहे आणि आम्ही ती पाहायलाही गेलो नाही. त्याचं कारण देव नव्हे, आमचा मध्यमवर्गीयपणा. तेही इथे लिहायला हवं.

देवळाच्या शाळेत कडुनिंबाचं मोठं झाड, त्याखाली वाळूचा ढीग, एक चालू हापसा आणि केजी टूपर्यंत वही नाही. वाळू पाहून रेवाने माझं बोट सोडलं ते निघेपर्यंत धरलं नाही. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

नवऱ्याचा लागला नव्हता. तो मिल कामगाराचा मुलगा. बाबा, म्हणजे माझे सासरे, मिलमध्ये वायरमन आणि लाल झेंड्याच्या युनियनचे. घरात सत्यनारायण कधी झाला नाही, आमचं लग्नही रजिस्टर. "मी काय म्हणून माझ्या पोरीला देवळात नेऊन बसवू?" हा त्याचा प्रश्न, आणि तो चुकीचा नव्हता. गंमत म्हणजे बाबांचं काही म्हणणं नव्हतं. ते म्हणाले, "वाळू आहे ना? मग झालं." हेच बाबा पूर्वी अनंत चतुर्दशीच्या आधी आठ-आठ रात्री जागून मिलच्या झांकीची, म्हणजे मिरवणुकीतल्या चित्ररथाची, वायरिंग करायचे. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी: मिलची धुराडी थंड झाली तरी या झांक्या निघतातच आणि अख्खं इंदूर रात्रभर रस्त्यावर असतं. बाबांना विचारलं की सांगतात, गणपती माझा नाही, पण त्याच्या मागचं फिरणारं चक्र माझं.

"बालमंदिर" ही पाटी पाहून नवरा अडला तेव्हा मी त्याला सांगितलं की हा शब्द लहान मुलांच्या शाळेसाठी रुळला तो भावनगरमुळे. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये तिथे दक्षिणामूर्तीचं बालमंदिर काढलं, माँटेसोरीच्या वाटेने. तिथेच त्यांच्याबरोबर आपल्या ताराबाई मोडकांनी काम केलं आणि पुढे १९४५ मध्ये बोर्डीला गरिबांच्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली. तेव्हा मंदिर म्हटलं की आत घंटाच असते असं नाही. नवरा म्हणाला, "इथे तर आहे." होती. चांगली मोठी, पितळेची.

प्रवेशाच्या आधी आम्ही दोघं मोठ्या ताईंना भेटलो. बाकीच्या शिक्षिका "दीदी", या मात्र मुलांच्याही "ताई". मूळच्या देवासच्या, आडनाव ऐकल्याबरोबर हिंदी सोडून मराठीवर आल्या. नवरा संविधानाचं कलम २८ वाचून गेला होता. त्यातलं तिसरं पोटकलम असं, की राज्याची मान्यता किंवा मदत असलेल्या शाळेत विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, त्याची स्वतःची, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकाची, संमती लागते. त्याने ते म्हणून दाखवलं. ताईंनी शांतपणे ऐकलं, चहा मागवला आणि म्हणाल्या, "डोळे मिटायची सक्ती नाही हो. त्या वेळात दुसऱ्याच्या वेण्या न ओढायची आहे."

मी चार गोष्टी विचारल्या. प्रार्थना किती वेळ? सकाळी दहा मिनिटं, डब्याआधी एक श्लोक. आरतीला नेता का? गुरुवारी, गाभाऱ्यात नाही, सभामंडपात. मुलीला नसेल जायचं तर? मौसीजवळ, म्हणजे मदतनीस बाईंजवळ बसेल, वाळूत. आणि "देव शिक्षा करतो" असं सांगता का? ताई जरा थांबल्या. म्हणाल्या, "मी नाही सांगत." या वाक्यातला "मी" मला तेव्हाच ऐकू यायला हवा होता.

फॉर्मवर समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक), आधार, जात आणि धर्म असे रकाने होते. नवऱ्याने धर्माच्या पुढे रेघ मारली. आठवड्याने पावती आली, त्यावर छापून आलं होतं ते जे छापून येतं तेच. क्लार्कला विचारलं तर म्हणाला, "सर, कॉम्प्युटर में खाली नहीं छूटता." खरं असेलही. आम्ही भांडलो नाही, पण ती पावती नवऱ्याने जपून ठेवलीय. राग आला की काढून बघतो.

आता शाळा.

वेळ नऊ ते साडेबारा. वर्गात तेवीस मुलं, एक दीदी, एक मौसी. फी वर्षाला २१,०००, तीन हप्त्यांत, आणि गणवेश दुकानाच्या नावाची चिठ्ठी न देता कुठूनही घ्या म्हणतात. जमिनीवर सतरंजी. संध्याकाळी रेवाचे पाय धुताना बोटांच्या बेचक्यांतून वाळू निघायची, इतकी की बाथरूमची जाळी दोनदा तुंबली. मी याला शाळेची गुणपत्रिका समजत होते.

भाषा सुधारली, हे निर्विवाद. श्लोकांचा अर्थ तिला कळत नव्हता, मलाही सगळा कळत नाही, पण "ष" आणि "श" वेगळे उच्चारणारी ती आमच्या घरातली पहिली व्यक्ती. पाठांतराबद्दल नवरा कुरकुरला, तेव्हा मी त्याला दाखवलं की कचरागाडीचं गाणंही तिला तेवढंच पाठ आहे आणि ती दोन्ही एकाच चालीत म्हणते. सकाळी गाडी गल्लीत आली की ही बाल्कनीत हात जोडून उभी. इंदूरच्या मुलांना ओला कचरा, सुका कचरा हे आईबाबांच्या आधी कळतं. शाळेत तर निर्माल्याचाही वेगळा डबा होता, आणि घरी फुलदाणीतली सुकलेली फुलं मी ओल्या कचऱ्यात टाकली म्हणून मला बोलणी बसली.

गोष्टी सांगण्यात तिची दीदी फार तरबेज. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, बी.ए. झालेली, स्कूटीवर येणारी. गणपतीचं डोकं बदलल्याची गोष्ट चालू असताना रेवाने विचारलं, "मग त्याच्या आईला तो ओळखू कसा आला?" दीदीने पोथीतलं काही सांगितलं नाही. म्हणाली, "आईला आवाजावरून कळतं." हे मला रेवानेच घरी येऊन सांगितलं आणि मग रात्री अंधारात, पांघरुणातून, वेगवेगळे आवाज काढून मी ओळखते का ते तपासत बसली.

रेवा हे नाव आम्ही ठेवलं ते नर्मदेचं म्हणून, पण देवीचं म्हणून नाही, पाण्याचं म्हणून. १९७८ पासून इंदूर नर्मदेचं पाणी पितं. नर्मदेकाठच्या जलूदहून, साधारण ७० किलोमीटरवरून पंपांनी वर चढवून आणलेलं. नवरा म्हणायचा, आपल्या मुलीचं नाव नळाला येतं. शाळेत मात्र ती पहिल्याच दिवशी नर्मदामैया झाली. माघातल्या नर्मदा जयंतीला तिला मुकुट घालून, निळी साडी नेसवून बसवायचं ठरलं. आमच्या घरी दोन दिवस यावर परिषद चालली. मी म्हटलं, नाटक आहे, बसू दे. नवरा म्हणाला, नाटक संपल्यावर लोक तिच्या पाया पडतील, मग? शेवटी रेवानेच निकाल लावला. नर्मदेचं वाहन मगर असतं. पुठ्ठ्याची, अंड्यांच्या ट्रेचे दात लावलेली मगर बाबांनीच शाळेला करून दिली होती. तिने मुकुट फेकून दिला आणि मगरीत शिरली. दुसरीच मुलगी मैया झाली. आमची कन्या संबंध कार्यक्रमभर पोटावर सरपटत पहिल्या रांगेतल्या विश्वस्तांचे पाय धरत होती. म्हणजे पाया पडणं झालंच, दिशा फक्त उलटी. (अंड्यांच्या ट्रेची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे येतेय.)

आता तक्रारी. पहिली मोठी आहे.

केजी वनच्या जुलैमध्ये रेवा एकटी बाथरूमला जाईना. घरी, दिवसाढवळ्यासुद्धा. चार-पाच दिवस आम्हाला काही कळेना. मग भजी तळताना ती स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली, "आई, त्यात काकांना टाकतात ना?" शाळेत बाथरूमकडे जाणाऱ्या बोळात, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, नरकाचं चित्र लावलेलं होतं. जुन्या कॅलेंडरसारखं, कोणीतरी दान दिलेलं: कढईत तळली जाणारी माणसं, करवतीने कापली जाणारी माणसं, खाली कोणत्या पापाला काय शिक्षा ते बारीक अक्षरात. वर्षभर आम्ही त्या बोळात गेलोच नव्हतो, पालक फाटकापर्यंत. आणि बदली आलेल्या एका दीदीने पोरांना शांत बसवायला त्याचा उपयोग केला होता. जो बोलेल तो तिकडे जाईल.

मी ताईंकडे गेले तेव्हा हात थरथरत होते. त्या बोळात माझ्याबरोबर आल्या, चित्रापुढे जरा वाकल्या, म्हणजे मुलांच्या उंचीवर आल्या, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. चित्र मात्र त्या दिवशी निघालं नाही. दान देणाऱ्याला काय सांगायचं, विश्वस्तांना विचारावं लागेल, वगैरे. अकरा दिवस लागले. मी रोज मोजत होते. आता तिथे भाज्यांचा तक्ता आहे. रेवाला नीट व्हायला दिवाळी उजाडली.

त्यानंतर "देव बघतोय" हे वाक्य कमी झालं, बंद नाही झालं. हे तुमच्या मुलाला चालेल का, ते तुमचं तुम्ही बघा. आमची एकदा दीदीला म्हणाली, "बघतोय तर मग माझी पेन्सिल कोणी घेतली ते सांगायला सांगा." हे मला मौसीने हसत-हसत सांगितलं.

दुसरी तक्रार अंड्याची. नर्सरीत पहिल्याच महिन्यात मी डब्यात उकडलेलं अंडं दिलं. माहितीपत्रकात कुठेही मनाई नव्हती. आपल्या मध्य प्रदेशात अंगणवाडीत अंडं द्यावं की नाही यावर २०१५ मध्ये केवढा वाद झाला आणि सरकारने नाहीच म्हटलं, तेव्हा मला कळायला हवं होतं, मान्य. पण माझा राग मनाईवर नाही. त्यांना नको असेल तर मला फोन करा, चिठ्ठी लिहा. तिचा डबा बंद करून खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवला आणि तिला मौसीबरोबर बाहेर बसवून बिस्किटं दिली. बाकीची बावीस मुलं आत पंगतीत. तिला ते तेव्हा मजेचं वाटलं, "मी आणि मौसी पिकनिकला." मला अजून वाटत नाही. ताईंनी चूक मान्य केली, पुढच्या वर्षी माहितीपत्रकात ओळ आली. आता अंडं घरी, दुपारी एकला. एकादशीला शाळेत साबुदाण्याची खिचडी असते, म्हणून रेवाला महिन्यात दोन एकादश्या कमी वाटतात.

तिसरी गोष्ट तक्रार म्हणावी की नाही मला ठरवता येत नाही. वरच्या मजल्यावर सना राहते, रेवाहून चार महिन्यांनी मोठी. दोघींचं जेवण कुठल्या घरी झालं ते रात्री विचारून घ्यावं लागतं. केजी वनच्या मध्यावर रेवाने विचारलं, "सना आमच्या शाळेत का नाही येत? तिच्या घरापासून पण सहाशे पावलंच आहेत." (वरून उतरायच्या पायऱ्या धरल्या तर सहाशे चाळीस, हेही तिनेच मोजलं.) मी वर्गाचा ग्रुप उघडून तेवीस नावं वाचली. नियम कुठेच नाही. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, कोणी अर्जच करत नाही, आला तर घेऊ. मला त्या खोटं बोलल्यासारख्या वाटल्या नाहीत. पण मी प्रवेशाआधी चार प्रश्न विचारले होते ते सगळे देवाचे. हा पाचवा मला सुचलाच नव्हता. सनाच्या आईला तो न विचारताच माहीत होता. तिने सांगितलं, "मैंने भी देखा था वो रेत का ढेर, गेट के बाहर से."

घरी आम्ही कसं सांभाळलं? फार काही केलं नाही. "दीदी असं म्हणतात, आजोबांना असं वाटतं, मला असं वाटतं" ही वाक्यं सवयीची केली. माझी आई, रामचंद्र नगरची आजी, तिचं वेगळं. ती खूश होती, फार खूश, आणि त्या खुशीत तिने रेवाला मूठभर उंचीचा शाडूचा गणपती आणून दिला. रेवा तो घेऊन घरभर फिरली, जागा शोधत. मग तिला कोनाडा सापडला. राऊटरवर गणपती बसला. संध्याकाळी ती तिथे "शुभं करोति" म्हणायची, आणि राऊटरचे चार हिरवे दिवे लुकलुकतात तेच निरांजन. नवरा पहिले दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्याने गणपती उचलून शेजारच्या फळीवर ठेवला. मी म्हटलं, "हं, आलं तत्त्व आडवं." तो म्हणाला, "तत्त्व नाही, राऊटर तापतो. माती तडकेल." फळी त्याने त्याच रविवारी लावलेली होती, ड्रिल मागून आणून.

बाबा रोज साडेबाराला आणायला जायचे. देवळात नाही, पारावर. तिथे चार-पाच आजोबा जमतात, त्यात एक निवृत्त पुजारीही आहेत. रेवा सुटल्यावरही बाबा अर्धा तास यायचे नाहीत. पुजाऱ्यांचं आणि तुमचं काय चालतं विचारलं तर म्हणाले, "पेन्शन."

एप्रिलपासून रेवा दुसऱ्या शाळेत, केजी टूला. तिथे प्रार्थना नाही, सना आहे, व्हॅन आहे, पाच वह्याही आहेत. वाळू नाही. पहिल्या आठवड्यात डबा उघडून ती श्लोक म्हणायला लागली आणि मुलं हसली, तेव्हापासून मनात म्हणते म्हणे. सनालाही शिकवलाय.

पाचपैकी किती? पहिल्या वर्षाला साडेचार, दुसऱ्याला तीन. जागा अजून तीच, ताई त्याच, ती बदली दीदी आता नाही. फॉर्म फेब्रुवारीत मिळतात, चौकशी सकाळी दहाच्या आत करा, नंतर ताई वर्गात असतात. बाथरूमच्या बोळापर्यंत जाऊन या, नाही म्हणत नाहीत. चपला फाटकाशीच काढाव्या लागतात, तेव्हा मार्चनंतर गेलात तर मोजे घालून जा. अंगणातली फरशी फार तापते.